येरित्सापुरता कायदा

देशाचे कायदे सगळ्यांसाठी असतात, पण त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये एक कायदा एकट्या येरित्सा डेबेवेट्ससाठी शिजत होता आणि मिनेसोटातल्या त्या लोखंडाच्या खाणींच्या गावाला दुसरा विषय उरला नव्हता. बाई स्लोव्हेनियातून भावाचं घर सांभाळायला आली. भाऊ वारला, राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, तरी ही राहिलीच. आणि राहिली ती अशी, की बारसं असो की मयत, तिची पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गुंडाळीचा गोड पाव, नसेल तर लोक ताटावर बसायचे नाहीत. परत पाठवण्याची नोटीस आली तेव्हा गावानं आपल्या खासदाराला गाठलं आणि त्यानं तिच्या नावाचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं तर ती कायमची इथली; पडलं तर पहिल्या बोटीनं परत.

तिच्या बाजूनं सगळ्यांनी पत्रं लिहिली. त्यात ऐनो किवेलानं माती खाल्ली. ऐनो फिनलंडच्या आईबापांचा पण जन्मानं इथला, खाणीत यंत्र चालवणारा, चाळिशी उलटलेला ब्रह्मचारी. आठवड्यात चार शब्द बोलला तर दमून झोपणारा गडी. त्यानं विधेयक तपासणाऱ्या समितीला लिहिलं, 'कायदा जमत नसेल तर मी तिच्याशी लग्न करतो.'

समितीनं उलट विचारलं, नवरा तयार आहे तर कायदा कशाला? विधेयक अडकलं.

"मग कर ना लग्न," गावचा वकील टॉम स्क्रॅबा येरित्साला म्हणाला. "बोलत नाही, म्हणजे भांडणारही नाही."

खरं सांगायचं तर येरित्साला ऐनो मनापासून आवडायचा. न सांगता तिची लाकडं फोडून जायचा तो. म्हणूनच ती जास्त भडकली.

"उद्या माझ्या हातून कॉफी करपली आणि हा गप्प बसला, तर मला काय वाटेल? कीव करतोय माझी. कीव करायची तर मांजर पाळ म्हणावं."

शेवटी टॉमनं तोड काढली. ऐनोनं शपथेवर लिहून द्यायचं, की बाईनं आपल्याला नाकारलंय. त्या दिवशी टॉमच्या कचेरीच्या खिडकीशी अर्धं गाव लोटलं.

"मी विचारलं. ही नाही म्हणाली," ऐनो पुटपुटला.

"जोरात बोल रे," चर्चच्या स्वयंपाकघराची मुखत्यार लोय्झका मावशी बाहेरून म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाही."

गाव पोट धरून हसलं. ऐनोचे कान बिटासारखे झाले.

"कायमची नाही म्हणाली, असं लिहू?" टॉमनं विचारलं.

येरित्सानं ऐनोच्या लाल कानांकडे पाहिलं. "आजपर्यंत, असं लिहा."

ईस्टरच्या आधी चर्चच्या स्वयंपाकघरात पोतित्साची कणीक ताणणं चाललं होतं. टेबलभर चादर, तिच्यावर कणीक, चारी बाजूंनी बाया. तेवढ्यात टॉम तार घेऊन धावत आला.

"हात सोडलात तर याद राखा," लोय्झका मावशी गरजली. "टॉम, कागद खाली सरकव. कणकेतून वाचता आलं तर ती हवी तेवढी पातळ झाली."

टॉमनं तार चादर आणि कणकेच्या मधे सरकवली. येरित्सा वाकली. पिवळसर पडद्याआडून अक्षरं उमटली. मंजूर. सही झाली. खाली तिचं नाव. तिला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कडा हातात धरूनच बायांनी टेबलाभोवती पोल्काचा फेर धरला.

भट्टीसाठी लाकडं घेऊन ऐनो दारात आला आणि तिथेच थिजला.

"आता विचार," येरित्सा त्याला म्हणाली.

"विचारलं होतं की."

"तेव्हा मला नवऱ्याची गरज होती. आता नाही. आता विचार."

ऐनोनं लाकडं खाली ठेवली आणि विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली.

"अरे, पण तू शपथेवर सांगितलंयस," टॉम कळवळला.

"आजपर्यंत," ऐनो म्हणाला.

येरित्सानं कणीक सोडून त्याचे दोन्ही हात धरले. त्या वर्षीची पोतित्सा मधोमध फाटली आणि गावानं ती तशीच खाल्ली.