एका ठशाचे दोन पोपट

शौर्यने रोलर परत ब्राउन रंगावरच फिरवला. मी काही बोलायच्या आत पोपटाच्या प्लेटला तो लावूनही टाकला.

वर्ग हसायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, तोता मिट्टी में लोट गया. हे दुसऱ्यांदा होत होतं. दारात उभ्या असलेल्या क्लास टीचरने मला खूण केली की बघा, जानबूझकर करता है. त्यांच्या तासाला हिरवी आणि वाळलेली पानं वेगळी करायला दिली होती तेव्हाही त्याने घोळ घातला होता, आणि शिक्षा म्हणून पिरियडभर उभा राहिला होता.

मी इंदूरला, विजय नगरच्या थोडं पुढे, एका शाळेत आर्ट शिकवते. तिसरीला दरवर्षी प्रिंटिंग देते, म्हणजे ठशांचं काम. थर्माकोलच्या चपट्या प्लेटवर मुलं बोथट पेन्सिल दाबून चित्र काढतात. जिथे दाबलं तिथे खड्डा पडतो, तिथे रंग लागत नाही. मग काचेवर रंग पसरायचा, रबरी रोलर त्यात घोळवायचा, प्लेटवर फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. आधी फिका रंग. तो वाळला की त्याच प्लेटने वरून गडद. पिवळा छाप सगळ्यांचा झाला होता आणि प्रत्येकाकडे असे दोन-तीन कागद होते. आज दोन काचा मांडल्या होत्या. पोपटवाल्यांना हिरवी, चिमणीवाल्यांना ब्राउन. इतकं सोप्पं.

मी त्याची प्लेट पुसून दिली आणि म्हटलं, एक बार और. यावेळी त्याने दुसरी काच धरली. कागद उचलला तर छान हिरवा पोपट. पण पोराने कागदाकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मस्ती करणारं पोर असं बघत नाही.

त्याची क्रेयॉनची चित्रं मला माहीत होती. झाड हिरवं, खोड ब्राउन, कधी चूक नाही. म्हणून सुट्टीत त्याला थांबवलं, त्याच्या डब्यातले दोन क्रेयॉन घेतले, त्यांचे कागद सोलले आणि हिरवा दे म्हटलं. त्याने दोन्ही उलटेपालटे करून पाहिले.

"मॅडम, इनके नाम कहाँ गए?"

क्रेयॉनच्या कागदावर रंगाचं नाव छापलेलं असतं. काचेवरच्या रंगावर नसतं. हे पोर इतके दिवस रंग बघत नव्हतं, वाचत होतं. आणि जिथे वाचायला काही नसेल तिथे शेजारच्याकडे बघत होतं. तो शेजारी त्या दिवशी आला नव्हता.

याला कलर ब्लाइंडनेस म्हणतात. नावावरून लोकांना वाटतं सगळं काळंपांढरं दिसत असेल. बहुतेकदा तसं नसतं. हिरवा, लाल, ब्राउन यांच्यात गोंधळ होतो, बाकी नजर चांगली असते. शौर्यचा दुसरा छाप पहिल्यावर असा बसायचा की कड तसूभर हलायची नाही. वर्गात तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मी त्याच्या आईला बोलावलं. मला वाटलं होतं समजवावं लागेल. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "मला ठाऊक आहे, मॅडम."

तिचे वडील भाजीवाल्याला विचारून टमाटर घ्यायचे, लाल आहेत ना म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं की मुलात हे आईकडून येतं. घरी तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सासरचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. सासरे सुभेदार होऊन रिटायर झालेले. नवरा फौजेच्या मेडिकलमध्ये सपाट पायांमुळे अडकला, म्हणून सांवेर रोडच्या फॅक्टरीत. आता सगळी आस शौर्यवर, नावसुद्धा त्यासाठीच ठेवलेलं. आणि त्या मेडिकलमध्ये रंगांचीही तपासणी असते.

"रिपोर्टमध्ये लिहा ना की ड्रॉइंग वीक आहे," ती म्हणाली. "ते चालेल त्यांना. रंगांचं लिहिलं तर माझ्या डोक्यावर येईल."

मला संताप आला. तिचा नाही. मी म्हटलं, "लिहीन. पण ते शौर्यही वाचेल." ती रडायला लागली. शेवटी ठरलं असं, की रिपोर्टमध्ये वीक लिहायचं नाही, आणि घरी सांगायचं की नाही हे तिचं. क्लास टीचरला मात्र मी सांगणार, कारण ते पोर पुन्हा उभं राहिलेलं मला चालणार नव्हतं.

मग प्रदर्शन आलं. प्रिन्सिपल मॅडम बोर्डासमोर थांबल्या आणि ब्राउन पोपटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ये खराब वाला हटा दीजिए." मी म्हटलं, खराब नहीं है मॅडम, बस ब्राउन है. कोणता लावायचा हे मी शौर्यलाच विचारलं होतं. तो म्हणाला, दोनों. त्याच्या आईनेही मान डोलावली होती.

प्रदर्शनाला शौर्यच्या घरचे सगळे आले. आजोबा ताठ, इस्त्रीच्या शर्टात. पप्पांनी बोर्ड बघून कपाळाला आठ्या घातल्या. आजोबांनी चष्मा लावला आणि विचारलं, "यातला जास्त चांगला कुठला, रे?"

शौर्यने बराच वेळ पाहिलं. "आजोबा, दोन्ही एकसारखेच तर आहेत."

मग आई एका दमात बोलून गेली, "त्याला फरक दिसत नाही. माझ्या बाबांनाही दिसत नव्हता. माझ्याकडून आलंय."

"तुला माहीत होतं?" पप्पांचा आवाज चढला. "आमच्या खानदानात आजपर्यंत..."

"खानदान मध्ये आणू नकोस," आजोबा म्हणाले. "तुझे पाय सपाट निघाले, तेव्हा मी तुझ्या आईला विचारलं होतं का, कुणाकडून आले?"

पप्पा गाडी काढतो म्हणून निघून गेले. आजोबा तिथेच उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते सुनेसाठी नव्हते हे मला कळत होतं. इतक्या वर्षांची आस त्या बोर्डासमोर सुटली होती. पण नातवाचा हात त्यांनी सोडला नाही. कड न हलवता कागद कसा बसवतोस, हे दाखव म्हणाले. शौर्यने दाखवलं.

घरी पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता प्रिंटिंगच्या दिवशी मी प्रत्येक काचेच्या कडेला मार्करने रंगाचं नाव लिहिते. मुलं विचारतात, मॅडम, दिखता तो है, फिर लिखते क्यों हो? मी म्हणते, तुम रोलर चलाओ.