बोंबील आणि अजिंक्यतारा

काल खालच्या मजल्यावर कोणीतरी सुके बोंबील भाजले आणि माझं डोकंच फिरलं, कारण त्या वासाबरोबर मला सातारा आठवतो. ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. ह्यांनी मित्राच्या जुन्या मॅटाडोरमध्ये फळ्या ठोकून झोपायची सोय केली, पडदे लावले, स्टोव्ह ठेवला आणि शनिवार-रविवार आम्ही सातारा-वाई बघायला निघालो. "लॉज नको, बाहेरचं खाणं नको, घरासारखं घर आहे!" हे चाळभर सांगत सुटले. घरासारखंच होतं ना, तिथेच माझी वाट लागली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि हे, दीर, पोरं टणाटण उतरली. "तू भात टाक आणि चार बोंबील भाज, आम्ही आलोच." गाडीच्या दाराला कुलूप नव्हतं, म्हणजे राखणही माझ्याकडेच. मी पडदा सारून बघितलं, तर समोर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं टायर. वाईला तरी घाटावर उतरेन, देवदर्शन होईल म्हटलं, तर हेच नाक मुरडून म्हणाले, "अगं, देवळासमोर हा बोंबलांचा वास बरा दिसत नाही," आणि गाडी लांब एका गोदामामागे लावली. बोंबील खाल्ले कोणी? ह्यांनीच! परत आल्यावर शेजारणीने विचारलं, "कसा आहे गं सातारा?" मी म्हटलं, "स्टोव्ह फार भडकतो." तर आज सकाळी मुलगा मोबाइलवर कॅरॅव्हॅनचे फोटो घेऊन हजर. "आई, साताऱ्याला जाऊया, आत किचनपण आहे!" मी म्हटलं, "झकास. तू भात टाक, मी किल्ला बघून येते."