श्रावणातली मोजणी

यशोधरा साळवे नेमकं काय काम करते, हे कात्रपमधल्या तिच्या इमारतीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. शेजारच्या तुळशीबाई कुणी विचारलंच तर "विमानाच्या ऑफिसात आहेत" असं सांगत. प्रत्यक्षात ती अंबरनाथला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून ठिपके मोजायची. खाडीकाठच्या एका धावपट्टीशेजारी बसवलेलं रडार आसपासचे पक्षी टिपायचं आणि ते इथल्या पडद्यावर ठिपके होऊन सरकायचे. ठिपका केवढा, किती उंचीवर, कुठून कुठे गेला, एवढं रडार सांगे. पक्षी कोणता ते सांगत नसे. म्हणून यशोधरा आठवड्यातून एकदा दुर्बीण घेऊन धावपट्टीवर जायची आणि ठिपक्यांना नावं लावून यायची. बगळा सरळ जातो, कबुतरं घोळक्यानं वळतात, घार पंख न हलवता गोल गोल वर चढते. विमानाला सगळ्यात जास्त धोका तिचाच.

अंबरनाथच्याच बुवापाड्यात वाढलेली ही बाई. बारावीनंतर पंधरा वर्षं तिनं औषधाच्या कारखान्यात काढली होती. बाटली उजेडासमोर धरायची, आत काही तरंगतंय का बघायचं, पुढची उचलायची. बारीक हलणारी वस्तू तिच्या नजरेतून सुटत नसे. इथे तिला सहा वर्षं झाली होती, दर अकरा महिन्यांनी नवं कंत्राट.

त्या वर्षी ऑगस्टात घारी कमी झाल्या. जुलैत दिवसाला सरासरी शंभर असायच्या, त्या चाळीसवर आल्या. मॅनेजर धर्मेशनं जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच पक्षी घाबरवणारा नवा भोंगा धावपट्टीवर लावला होता. तो पेढे घेऊन आला.

"यशोधराताई, भोंग्यानं काम केलं. शुक्रवारी रिपोर्ट पाठवतो."

भोंगा पसंत पडला तर पहाटे पहिल्या विमानाआधी पाखरं हाकत फिरणारी जीप बंद व्हायची होती. अहवालावर निरीक्षक म्हणून सही यशोधराची लागणार होती.

"आणि तुमच्या परमनंटच्या लेटरचं मी वर बोलून ठेवलंय," धर्मेश म्हणाला.

डबा खाता खाता तिनं जुलैचे आकडे पुन्हा काढले. सोमवारी घारी कमी, गुरुवारी कमी, शनिवारी कमी. बुधवार, शुक्रवार, रविवार भरलेले. आणि हे भोंगा येण्याच्या आधीपासूनचं. सगळ्यात मोठा आकडा गटारीच्या रविवारचा होता. या वारांची ओळख व्हायला तिला आलेख लागत नव्हता. कोणत्या दिवशी जिन्यात कशाचा वास येतो, ते तिला पाठ होतं. धावपट्टीच्या भिंतीपलीकडे चिकनच्या दुकानांची रांग होती आणि त्यांची घाण मागच्या खड्ड्यात पडायची, तेही तिनं पाहिलेलं होतं.

घरी जाताना ती कोपऱ्यावरच्या संतोषच्या चिकन शॉपपाशी थांबली.

"धंदा काय म्हणतो?"

"श्रावणात कसला धंदा, ताई. कोंबड्या पण बोअर झाल्यात."

"मागे घारी येतात का रे?"

"टाकायला काय असेल तर येतील ना."

रात्रीच्या जेवणाला तिनं सुकटीची चटणी केली. समोरची तुळशीबाईंची स्वयंपाकघराची खिडकी महिनाभर बंद होती. साडेआठला तुळशीबाईंचे यजमान हरिचंद्र पेपर परत द्यायला आले आणि जेवायला बसले. नऊ वर्षांच्या शेजारात तुळशीबाईंनी साळव्यांकडे चहाही घेतला नव्हता. हरिचंद्रांना श्रावणात तसं लांब राहणं जमत नसे.

"हरिचंद्रभाऊ, देव बघतोय," यशोधराचा नवरा राजेंद्र म्हणाला.

"देवाचं काय नाय. समोरची खिडकी बघत नाय ना, तेवढं सांगा."

यशोधरानं भाकरी वाढता वाढता सहीचं सांगितलं.

"कर ना सही," राजेंद्र म्हणाला. "भोंगा काय तू लावलास? सहा वर्षं झाली, एकदाची परमनंट हो."

हरिचंद्रांनी ताट पुसून घेतलं. "गौरी-गणपती जाऊ देत, वहिनी. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सातला मटणाच्या लाइनीत पहिला नंबर माझा."

यशोधरा त्या रविवारचा विचार करत राहिली. खड्डा भरलेला असणार, घारी आलेल्या असणार आणि जीप बंद झालेली असणार.

दुसऱ्या दिवशी तिनं धर्मेशला वार दाखवले. त्याच्या घरी अंडंही येत नसे, सातही वार सारखेच. तो हसला.

"घारी श्रावण पाळतात का, ताई?"

"घारी नाही पाळत. त्यांच्यापुढे टाकणारे पाळतात."

"पाऊस असेल कारण."

"पाऊस जूनपासून आहे."

धर्मेशनं पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर भोंगा अडकेल. तुमचं लेटरही." त्यानं ते माहिती द्यावी तसं सांगितलं.

शुक्रवारी तिनं सही केली आणि सहीखाली पेनानं लिहिलं: ही मोजणी श्रावणातली आहे. गौरी-गणपती गेल्यानंतरच्या रविवारी पुन्हा मोजावं, तोवर जीप बंद करू नये.

धर्मेशनं तो कागद दोनदा वाचला. नवी प्रत काढली तरी सही पुन्हा हिचीच लागणार होती. त्यानं कागद तसाच स्कॅन करून पाठवला.

धावपट्टीवाल्यांनी निर्णय पुढे ढकलला. त्या रविवारी यशोधरा स्वतः दुर्बीण घेऊन उभी होती. नऊच्या आत एकशे बत्तीस घारी. भोंगा वाजला की त्या जरा वर जात आणि पुन्हा खाली येत. जीपनं चार फेऱ्या मारल्या.

लेटर आलं नाही. अकरा महिन्यांचं कंत्राट आलं. धर्मेश आठवडाभर कामापुरतं बोलला आणि मग त्यानं तक्त्यात एक नवा रकाना वाढवला: वार, सण, उपास. वर्षभराचा तो यशोधरानंच भरायचा होता.

तिच्या घरचं कॅलेंडर विहारातून आलेलं. त्यात पौर्णिमा ठळक होत्या, बाकीचं काही नव्हतं. ती वही घेऊन समोर गेली.

"तुळशीबाई, तुमच्यात कधी कधी खात नाहीत?"

"कशाला हवंय?"

"ऑफिसला."

तुळशीबाईंनी तिला दारातच उभं ठेवून बोटं मोजायला घेतली. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी, एकादशी. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार तर घरात अंडंही नाही.

"मग खाता कधी?"

"ते आमच्या ह्यांना विचारा," तुळशीबाई म्हणाल्या. "श्रावणात तुमच्याकडेच जेवायला असतात."

यशोधरानं तेवढं सोडून बाकी सगळं लिहून घेतलं.