बेचिराग? हाव.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. मुदखेडजवळच्या गावातून नांदेडला जाऊन बीएस्सी झालो, पुढं कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि लातूर नवा जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा तिथल्या कचेरीत लागलो. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणणार नाही. मिरवतच होतो. अख्ख्या कचेरीत कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली एकट्या माझ्याकडं होती.

खोली थंड ठेवावी लागायची. बाहेर दुष्काळ, झाडांना पान नाही, आणि आत एसीची घरघर, खिडक्यांना काळे पडदे. चपला दाराबाहेर काढायच्या, धूळ आत यायची नाही, असा नियम मीच लावला होता. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद व्हायचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि समोर कर्सरची एक टिकली लुकलुकत राहायची. ती वाट बघते आहे असं वाटायचं. कशाची ते कळायचं नाही.

टँकरची यादी त्या साली पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर निघणार होती. प्रोग्राम माझाच. गावाचा नंबर, लोकसंख्या, विहिरी, आणि एक रकाना जुन्या दप्तरातून जसाच्या तसा उचललेला: बेचिराग. निजामाच्या काळापासूनचा शब्द. ज्या गावाची शेतं आहेत, सातबारा आहे, पण वस्ती उठून गेलीय, ते बेचिराग. वस्ती असेल तर एक दाबायचं, बेचिराग असेल तर दोन. तिसरं काही दाबलं तर यंत्र नुसतं पीप करायचं.

एका दुपारी जळकोटकडच्या एका गावच्या ग्रामपंचायतीचा शिपाई फॉर्म घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला पंचा. फॉर्मात तो एकच रकाना कोरा होता. मी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "बेचिराग?"

"हाव, सायेब," तो म्हणाला. "लई दिस झाले."

मी दोन दाबलं.

तो गेल्यावर फरशीवर त्याच्या अनवाणी पायांचे पांढरे ठसे राहिले, दारापासून माझ्या टेबलापर्यंत. मला राग आला. धूळ आली म्हणून.

आठ दिवसांनी तो पुन्हा दारात. "सायेब, टँकर आला न्हाई. आधी दोन दिसांआड यायचा. आता आमचं गाव सोडून फुडं जातोय. डायवर म्हणतो, तुमचं गाव यादीतच न्हाई. घरी लेक बाळंतीण हाय सायेब, विहिरीत गाळ हाय निस्ता."

मी यादी काढली. नंबर ओळीनं होते, आणि त्याच्या गावाच्या जागी सरळ पुढचा नंबर. मधे रिकामी ओळसुद्धा नाही. आधी कधी ते गाव होतं असं कागदावरून वाटलंच नसतं.

"तुमचं गाव बेचिराग लागलंय," मी म्हणालो.

"हाव, तेच तर मी सांगितलं. लायटीची डीपी जळून दोन म्हैने झाले. एका घरात चिराग न्हाई."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. चिराग म्हणजे दिवा, हे मलाही येत होतं. आमची आजीसुद्धा चिराग म्हणायची. ज्या गावात कोणी राहत नाही त्या गावचा माणूस माझ्यासमोर उभा राहून बोलला होता, आणि मी त्याचं बोलणं टिपून घेतलं होतं.

आमच्या अव्वल कारकुनांनी इतकी वर्षं हीच यादी हातानं लिहिलेली. त्यांना कळलं तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "काय ग्रॅज्युएट, भुताशी बोलून राहिले का? मी असतो तर विचारलं असतं, बाबा, गाव बेचिराग तर तू कोण?"

माझी आई विचारायची, "जेवला न्हाईस ना?" मी म्हणायचो, "हाव." त्या हावचा अर्थ ती माझ्या तोंडावरून काढायची आणि ताट वाढायची किंवा नाही वाढायची. एकदाही चुकली नाही. यंत्राला तोंड दिसत नाही. त्याला एक किंवा दोन कळतं. पण मला तर दिसत होतं ना? मी वर बघितलंच नाही.

साहेबांनी पेनानं गाव वाढवू दिलं नाही. "छापील यादीत खाडाखोड नको. तुम्ही उठवलंय, तुम्हीच जाऊन वस्ती बघून या. लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो, पुढं शिपायाबरोबर चालत. भर दुपारी गावात शिरलो. दारं ओढून घेतलेली, कड्या लावलेल्या. कोंबडी नाही, कुत्रं नाही. चूल पेटल्याचा वास नाही.

"माणसं नदीच्या पात्रात झरे उकरायला गेलीत," शिपाई म्हणाला. "लेकीलाबी शेजारच्या गावात ठिवलंय. तुमी थांबा, हाका मारून आणतो." तो गेला आणि मी एकटा राहिलो.

मी बऱ्याच घरांपुढून गेलो. माझ्याच पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. मला लाज वाटते सांगायला, पण तेव्हा वाटलं, यंत्र बरोबर होतं. इथं कोणी नाही. शिपाईही नाही. मी दोन दाबलं आणि हे असं झालं.

विहिरीपाशी घागरींची लांब रांग होती. प्रत्येकीत एक दगड, वाऱ्यानं कलंडू नये म्हणून. टँकर बंद होऊन इतके दिवस झाले तरी रांग कोणी मोडली नव्हती. रांगेच्या टोकाला एक हलली. ती घागर नव्हती, म्हातारी होती, गुडघ्यात डोकं घालून बसलेली.

"कोण हाय?"

"मी."

"मी म्हंजी कोण? माणूस हाईस का?"

"हाव," मी म्हणालो.

तिला तेवढं पुरलं नाही. डोळ्यांत फुलं पडलेली होती तिच्या. हात लांब करून तिनं माझं कपाळ, नाक, हनुवटी चाचपली. तळहात कोरडा, खरबरीत.

"हाईस," ती म्हणाली. "बस मंग."

तासाभरानं माणसं आली. मी एकेकाचं तोंड बघून नावं लिहिली. तिसऱ्या दिवशी गावाला टँकर गेला.

परत येऊन मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. दोन दाबलं की यंत्र थांबायचं आणि विचारायचं: हे सांगतंय कोण? अक्षरं रोमन, भाषा मराठी. नाव लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. अव्वल कारकून म्हणाले, "वा, यंत्राला तोंड फुटलं की!" मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर हसलो.

मग एकदा खरंच एक बेचिराग गाव आलं. पिढ्यांपूर्वी उठलेलं, फक्त नंबर उरलेलं. फॉर्म टपालानं आला होता, खालची सही कुणाची ते वाचता येत नव्हतं. खोलीत मी एकटाच. दोन दाबलं. हिरव्या अक्षरांत प्रश्न आला: हे सांगतंय कोण?

टिकली लुकलुकत राहिली. मी नाव टाकायला बोटं ठेवली आणि उचलली. मग उठलो, दार उघडलं, आणि उंबऱ्याबाहेर माझ्या चपलांशेजारी दुसऱ्या कुणाच्या चपला आहेत का ते बघून आलो.