गुडघ्याच्या वर चार बोटं

तातेरावांना सरळ रांगेचं वेड होतं. नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत ते ड्रिलमास्तर होते, तेव्हा शाळेत हे वेड खपून जायचं. पण नल्लकुंट्याच्या घरी चतुराबाई गच्चीवर पापड वाळत घालायच्या, तिथंही ते जाऊन दोनचार पापड इकडेतिकडे सरकवून रांग नीट करून यायचे.

“पापड हायेत, पलटण न्हाई,” चतुराबाई म्हणायच्या.

परभणीकडच्या एका खेड्यातून तातेराव सोळाव्या वर्षी हैदराबादला आले आणि निजामाच्या फौजेत बिगुल वाजवायला लागले. पुढं ती फौजच उरली नाही. तिथून निघताना त्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक आवाज, जो नारायणगुड्यात दिला तर चिक्कडपल्लीतली म्हैस मान वर करून बघायची. आणि दुसरी, जीन नावाच्या जाड खाकी कापडाची पतलून. तिला चतुराबाई भाताच्या पेजेची अशी काही खळ द्यायच्या, की काढून भिंतीला टेकवली तरी ती आपल्या पायावर उभी राहायची. तिन्हीसांजेला घरी आलेल्या एका पाहुण्यानं तिला नमस्कारसुद्धा केला होता.

छप्पन साली तातेराव दसऱ्याला पांढरेशुभ्र कपडे घालून नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि परत आपल्या पतलुनीत शाळेच्या मैदानावर उभे राहिले. पंधरवड्यातच हैदराबादचं राज्य मोडलं. मराठवाडा मुंबईकडे गेला, कर्नाटकाचे जिल्हे म्हैसूरकडे, आणि शहर आंध्र प्रदेशात आलं. निम्मे शिक्षक बदली मागून औरंगाबादला गेले. जे राहिले ते एकमेकांना रोज विचारू लागले, “आता आपलं काय होणार?”

सगळ्यात जास्त धसका घेतला होता हेडमास्तर नरहरपंतांनी. नरहरपंत शहरातल्या जुन्या वकील घराण्यातले. भर मे महिन्यातही शेरवानीची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मराठी बोलताना मध्येच दख्खनी बोलायचे आणि चिडले की नुसतंच दख्खनी.

“तातेराव, नव्या सरकारचा इन्स्पेक्टर येणार,” त्यांनी एके दिवशी बोलावून सांगितलं. “आपली पोरं पाहा! कुणी पायजमा, कुणी धोतर, आणि ते दहावीतले उंडगे तर जीनच्या फुलपँटी घालून हीरोसारखे फिरतात! उद्यापासून सगळ्यांना एकच ड्रेस. पांढरा सदरा, खाकी हाफपँट. गुडघ्याच्या वर चार बोटं. फाटकावर तुम्ही उभं राहायचं. फुलपँट दिसली की परत घरी.”

“दहावीलाबी हाफपँट, सर?”

“दहावीला काय शेपूट फुटलं? हौ, दहावीलाबी!”

हुकूम म्हणजे हुकूम. तातेराव फाटकावर उभे राहिले. पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. चार बोटं म्हणजे कुणाची? तातेरावांची बोटं वेलची केळ्यांएवढी. त्यांच्या चार बोटांनी मोजली तर हाफपँट पार मांडीवर चढायची. दोन दिवसांत पालक भांडायला आले. तिसऱ्या दिवशी नरहरपंतांनी आपल्या वकिली बोटांच्या मापाचा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घेतला, त्याला सुतळी ओवली आणि तो तातेरावांच्या गळ्यात घातला. आता तातेराव दर पोरापुढं एक गुडघा टेकून बसायचे, ठोकळा लावायचे, म्हणायचे, “जा.” दोनशे दहा पोरं. संध्याकाळी चतुराबाई गुडघ्याला तेल चोळायच्या.

दहावीत गोविंद नावाचा विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणायचा तो रीत म्हणून. वय वीस. आठवीपर्यंत उर्दूतून शिकला, मग सरकारनं माध्यम बदललं, तेव्हा मराठीतून भूगोल शिकताना त्याची दोन वर्षं गेली आणि गणितात आणखी दोन. मिशा चांगल्या पिळदार होत्या आणि मागच्या वैशाखात लग्नही झालं होतं. असा गोविंद नियमाप्रमाणे हाफपँट घालून शाळेला येऊ लागला. येताना रस्त्याच्या कडेकडेनं यायचा, पायांपुढं दप्तर धरून.

एक दिवस शाळेतून जाताना घरच्यांसाठी तो चिक्कडपल्लीच्या बाजारात पालक घेत उभा होता. नेमके त्याच वेळी नांदेडहून सासरे एकनाथराव लेकीला भेटायला येत होते. त्यांना आधी गुडघे दिसले, मग पालक दिसला, आणि मग जावई.

“जावईबापू,” एकनाथराव हळूच म्हणाले, “चड्डीवर?”

गोविंदनं पालकाची जुडी पुढं धरली. तिनं कितीसं झाकणार! एकनाथराव घरी आले, पाणीसुद्धा न घेता लेकीचं गाठोडं बांधलं आणि तिला नांदेडला घेऊन गेले. जाताना निरोप ठेवला, की जावई फुलपँटीत आले की मुलगी पाठवतो.

दुसऱ्या दिवशी गोविंद जीनची फुलपँट घालून फाटकावर आला. “सर, पाया पडतो. आत सोडा.”

“हुकूम न्हाई, गोविंदा.”

“मग बायको आणून द्या, सर.”

तातेरावांनी त्याला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशीही पाठवलं. घरी आल्यावर जेवण जाईना. चतुराबाईंनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

“म्हंजी तुमच्या त्या लाकडापायी एक पोरगी माहेरी बसली,” चतुराबाई म्हणाल्या. “आन तुमी सवता पतलूनीत हिंडायलात.”

तातेराव ताटावरून उठले आणि गच्चीवर जाऊन उगीच फिरत राहिले.

जानेवारीत इन्स्पेक्टरची तारीख ठरली. नरहरपंतांनी मुख्य दारात झेंडूची कमान उभी केली. अकरा वाजता साहेब मोटारीतून येतील, म्हणून ते दहापासूनच हातात हार घेऊन उभे राहिले. तातेरावांना मागच्या फाटकावर ठेवलं होतं. “फुलपँटवाला एकबी आत दिसला नक्को,” एवढंच सांगून ठेवलं होतं.

साडेनवाला मागच्या फाटकाशी एक सायकल आली. वर एक हडकुळा तरुण, ओठांवर कोवळी मिशी, आणि पायात जीनची फुलपँट. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून तिचा एक पाय चिमट्यानं बांधलेला. औरंगाबादच्या बदल्यांमुळं दोनतीन मराठी शाळा बंद पडल्या होत्या आणि तिथली वाढलेली पोरं रोज नव्यानं येत होती. तातेरावांनी ह्याला त्यांतलाच एक धरलं.

“थांब! कितवीतला?”

तरुण गडबडला. गुंटूरकडच्या वेगवान तेलुगूत त्यानं काहीतरी सांगितलं. तातेरावांचं तेलुगू वांगी-टोमॅटोपुरतं. त्या सगळ्या धबधब्यातून त्यांच्या कानाला एकच ओळखीचा शब्द लागला. तरुण म्हणत होता, “नेनु विद्यार्थि कादंडी!” मी विद्यार्थी नाही हो! तातेरावांनी त्यातला मधलाच शब्द उचलला.

“विद्यार्थी! मग मी तरी काय म्हणतोय?”

तरुण इंग्रजीवर आला. आपण ऑफिसातून आलो आहोत असं तो दोनदा म्हणाला.

“आफिस समोर हाय. आधी रांगेत उभा राहा,” तातेराव म्हणाले. फुलपँटवाली अकरा पोरं त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवली होती. त्यांना घरी पाठवायला तातेरावांचा आता जीव होत नव्हता, म्हणून ते त्यांना मैदानाच्या कोपऱ्यात लेझीम खेळायला लावत. त्यात गोविंदही होता. तातेरावांनी बाराव्याच्या हातात लेझीम दिली आणि फौजेतल्या आवाजात गरजले, “सावधान!”

त्या आवाजापुढं भलेभले गार पडत. तरुणानं सायकल सोडली, टाचा जुळवल्या आणि छाती काढली.

पहिली दहा मिनिटं तो उलट्या हातानं लेझीम वाजवत होता. गोविंदला त्याची दया आली. तो हळूच म्हणाला, “भाई, पहले नीचे, फिर बाजू, फिर उप्पर.” तरुणानं मान हलवली. हळूहळू त्याचा हात बसला. वीस मिनिटांनी तो सगळ्यांच्या बरोबर गुडघ्यात वाकत होता. तासाभरानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, भांग विस्कटला होता, आणि तो हसत होता.

“हा नवा बरा हाय,” तातेराव मनाशी म्हणाले. “वळण हाय पोराला.”

अकराला मुख्य दारात एक सायकलरिक्षा थांबली. नरहरपंत हार घेऊन धावले. आतून बगलेत फायली धरलेला एक म्हातारा कारकून उतरला. नरहरपंतांनी त्याच्याच गळ्यात हार घातला.

“मला कायको घालते, हजरत?” कारकून म्हणाला. “वेंकटरत्नमसाहेब सायकलपे कब के आगे आ गए. कां हैं?”

सगळे शोधू लागले. वर्ग झाले, ग्रंथालय झालं, पाण्याच्या टाकीमागंही पाहिलं. शेवटी कारकून मैदानाकडे आला, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि लेझीमच्या रांगेतल्या शेवटच्या गड्याला कमरेत वाकून आदाब केला.

लेझीम खाली गेलेली होती ती तिथंच थांबली. मैदानावर असा शुकशुकाट झाला, की शेजारच्या घरात फोडणी बसल्याचं ऐकू आलं.

अर्ध्या तासानं हेडमास्तरांच्या खोलीत नरहरपंत शेरवानीची तीन बटणं उघडी टाकून पंख्याखाली बसले होते. एवढी बटणं उघडी कुणी पाहिली नव्हती. इन्स्पेक्टरसाहेब पाणी पीत होते. तातेराव ठोकळा गळ्यात घेऊन दारात ताठ उभे.

“माफी माँगो!” नरहरपंत ओरडले. “साब को उठक-बैठक कराया तुमने!”

“साहेब, चूक झाली. माफी असावी,” तातेराव म्हणाले. पण ते गेले नाहीत. त्यांनी सुतळी डोक्यावरून काढली आणि ठोकळा टेबलावर ठेवला. “पर एक सांगायचं हाय. माझ्या बापानं एकदा गुडघ्याखाली येईल असं धोतर नेसलं, तर गावानं त्याला चावडीवर बोलावून ते वर घ्यायला लावलं. मी लहान होतो, शेजारीच उभा होतो. फौजेत गेलो, तवा पाय झाकले. आता दोन महिने झाले, मी रोज पोरांपुढं बसून त्यांचे गुडघे मोजायलोय. हे काम मला जमायचं न्हाई. दुसरं कायबी सांगा. संडास धुवा म्हणलं तरी ते बी न्हाई करणार, ते सांगून ठेवतो. पर दुसरं कायबी सांगा.”

कारकुनानं हे सगळं तेलुगूत सांगायला घेतलं. चावडीची गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. वेंकटरत्नम ऐकत राहिले. मग त्यांनी बराच वेळ काहीतरी सांगितलं आणि कारकून नरहरपंतांकडे वळला.

“साहेब म्हणतात, पोरांनी फुलपँट घालावी की हाफ, असा आमच्याकडे काही कायदा नाही. असलाच तर तो कुठल्या कपाटात गेला ते माहीत नाही. ऑफिस जुन्या राजधानीतून, कर्नूलहून, इथं आलं त्यात साहेबांची खुर्चीसुद्धा अजून सापडलेली नाही.”

नरहरपंतांनी एक बटण लावलं. “मतलब, मी हे सगळं कुणासाठी केलं?”

“तेच साहेबही विचारतायत.”

नरहरपंतांनी ठोकळा उचलून टेबलाच्या खणात टाकला. मग ते एकदम मराठीत आले. “नववीपासून वर फुलपँट चालेल. जीनची असो, ड्रिलच्या कापडाची असो. पण स्वच्छ हवी! आणि तातेराव... बसा. उभे का तुम्ही?”

शाळेच्या त्या खोलीत बसायची तातेरावांची ती पहिलीच वेळ. खुर्चीवर ते टेकले खरे, पण पाठ काही टेकवली नाही.

सोमवारी नववी-दहावीची पोरं जी सापडेल ती फुलपँट घालून आली. कुणी थोरल्या भावाची, कुणी काकांची, एकानं तर रेल्वेतल्या वडिलांची घातली होती. तिच्यात आणखी एक विद्यार्थी मावला असता. कुणी कमरेला दोरी बांधलेली, कुणाच्या पँटीचे पाय मागून रस्ता झाडत येत होते. तातेरावांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि तोंड दुसरीकडे वळवून मनसोक्त हसून घेतलं.

गोविंद मार्चमध्ये पुन्हा गणितात आपटला तो आपटलाच. पण फुलपँटीत नांदेडला जाऊन बायकोला घेऊन आला, आणि पुढं वीज खात्यात चिकटला.

वेंकटरत्नमसाहेबांनी अहवालात काय लिहिलं ते शाळेला कधी कळलं नाही, कारण तो तेलुगूत होता. पण त्यानंतर दर रविवारी सकाळी ते सायकलवरून मैदानावर लेझीम खेळायला येऊ लागले. आधी एकटे, मग ऑफिसातले दोघं-तिघं घेऊन. तीन वर्षांनी गुंटूरला बदली झाली तेव्हा डझनभर लेझिमा विकत घेऊन गेले. तातेराव त्यांना पोहोचवायला काचीगुडा स्टेशनवर गेले होते. घरी आल्यावर चतुराबाईंनी विचारलं, “साहेब कसा होता वो तुमचा?”

“डाव्या पायानं कच्चा होता,” तातेराव म्हणाले, “पर मानूस चांगला.”