निळ्या जर्सीतला पिवळा तुकडा

दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून आत आलंय आणि शालनचा डोळा लागतोय न लागतोय असं चाललंय. बाहेरच्या सोप्यात बायका हळू आवाजात बोलताहेत. कुणीतरी म्हणतं, "निजू दे तिला. तीन दिवस झालं, डोळ्याला डोळा न्हाई." दुसरी म्हणते, "रडली पण न्हाई गं अजून. रडाय पायजे माणसानं." शालनला सगळं ऐकू येतंय, पण हे शेजारच्या घरातल्या कुणा बाईबद्दल बोलताहेत असं तिला वाटतं.

आज सकाळी मारुतीचं रक्षाविसर्जन झालं. मारुती बोंद्रे, शालनचा नवरा. कोल्हापुरात ज्याला फुटबॉल कळतो त्याला हा माणूस सांगावा लागत नाही, पण बाहेरच्याला सांगायला पाहिजे. डाव्या पायाचा गडी. उजवा पाय नुसता उभं राहायला दिलाय देवानं, असं लोक म्हणायचे. इथं पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीचा फुटबॉल संघ. पोरगं आईचं नंतर, आधी तालमीचं. मारुती नागोबा तालमीचा. पिवळी जर्सी. सहा हंगाम खेळला, मैदान गाजवलं, आणि सातव्या हंगामाला उठला नि चौबुर्जी तालमीत गेला. निळ्या जर्सीत. आता नागोबा आणि चौबुर्जी म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांची मॅच असली की त्या दिवशी दोन्ही पेठांतली दुकानं अर्ध्या फळीवर.

बरं, चौबुर्जी म्हणजे शालनचं माहेर. मग काय, लोकांना आयतंच सापडलं. बायकोनं नेला म्हणाले. पदराला धरून गेला म्हणाले. तिकडं गॅलरीतून त्याला 'डबल ढोलकी' म्हणून ओरडायचे आणि इकडं नळावर शालनला ऐकवायचे. आणि गंमत अशी की घर मात्र नागोबाच्याच बोळात. खेळायचं निळ्याकडून आणि निजायचं पिवळ्यांत. तीस वर्षं असा संसार केला तिनं. नवऱ्याला एकदाही विचारलं नाही, की अवो, खरंच माझ्यापायी गेलासा का. उत्तर 'व्हय' आलं तर काय करायचं, ही भीती.

परवा तो गेला. बसल्या जागी, चहाची बशी हातात असताना. तालमीचा खेळाडू गेला की त्याच्या छातीवर तालमीची जर्सी घालून नेतात, ही इथली रीत. दारात नामदेव उभा राहिला पिवळी जर्सी घेऊन. नामदेव म्हणजे नागोबाचा जुना गोलकीपर, मारुतीचा लहानपणापासूनचा दोस्त. मारुतीनं तालीम सोडल्यापासून त्याच्याशी एक शब्द न बोललेला. त्याच्या समोर बाजीराव, शालनचा थोरला भाऊ, निळी जर्सी घेऊन. तिरडी बांधून तयार, आणि ह्या दोघांचं सुरू. आमचा पोरगा आहे. आमचा जावई आहे. जन्मला कुठं? गाजला कुठं? शेवटी आतून शालन म्हणाली, "कुठलीच नको." मग गेला तो नुसत्या पांढऱ्या कापडात.

आणि आज कावळा शिवला नाही. नदीकाठी नैवेद्य मांडला, मटणाचा रस्सा होता, त्याला आवडायची ती पातळ भाकरी होती. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेना. बाजीराव हात जोडून म्हणाला, "दाजी, तुमच्या नावानं करंडक ठेवतो." कावळा हलला नाही. नामदेव पुढं झाला. "मारत्या, नागोबाच्या भिंतीवर तुझा फोटो लावतो. झालं गेलं विसर." तरी नाही. ऊन चढलं, मग गाईला चारलं आणि माणसं परत फिरली. मनात कायतरी राहिलंय त्याच्या, असं जो तो म्हणत होता आणि म्हणताना शालनकडं बघत होता.

काय राहिलं असंल? तेवढं एक उशाला घेऊन ती पडलीय.

सोप्यातला आवाज लांब जातो. कुणीतरी लोखंडी पेटी ओढतंय. फरशीवर कर्र वाजतं.

शालन मान वळवते. मारुती पेटीपुढं उकिडवा बसलाय. कमरेला चड्डी, पायात मोजे आणि बूट, वर उघडा. पोट परवाचंच आहे, सुटलेलं, पण पाय पंचविशीतले. तिला त्यात काही वेगळं वाटत नाही. फक्त ह्यानं बूट घालून घरात यायला नको होतं, एवढं वाटतं.

"काय हुडकालाय?"

"जर्सी. रेफ्री आत घेईना."

"काल धुऊन वाळत घातलीया."

"काल व्हय," तो म्हणतो आणि पेटीतल्या साड्या एकेक करून बाहेर काढत राहतो. लग्नातला शालू, बारशाची टोपी, लेकीचा, रेश्माचा, शाळेचा फ्रॉक. त्याच्या पाठीवर काटा आलाय. एवढ्या वैशाखात.

"थंडी वाजती?"

"वाजती की जरा."

"मीच म्हणलं, कुठलीच नको. त्या दोघांचं भांडण बघवंना मला. तुमाला उघडंच पाठवलं."

"मग काय करणार हुतीस तू," मारुती म्हणतो. "मॅच संपली तरी त्यांचं आपलं सुरूच. तू निदान शिट्टी तरी वाजवलीस."

तो हसतो. हसताना डावा गाल आधी वर जातो, तसाच. शालन त्याच्या गालाकडं बघत राहते. हे परत बघायला मिळणार नाही असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. कोण ते आठवत नाही.

पेटीचं झाकण ती धरायला जाते तर हाताला लोखंडाचं मोठं फाटक लागतं, आणि फाटकापलीकडं मैदान. फरशीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्यात. तिची चूल पेनल्टीच्या ठिपक्यावर आहे. गॅलरी खच्चून भरलीय, अर्धी पिवळी, अर्धी निळी, सगळ्यांची तोंडं उघडी आणि आवाज नाही. मैदानाच्या मध्यावर बोळातला नळ आहे. नळाला घागरी लावून नागोबाच्या बायका उभ्या.

शालन थबकते. "मी न्हाई जायची तिकडं."

"पाणी न्हाई आणायचं आज. चल."

"तुमाला काय म्हाईत हितं काय काय बोलत्यात."

"म्हाईत हाय," मारुती म्हणतो. "म्हणून तर गेलो."

"कुठं गेलासा?"

"चौबुर्जीत."

नळाला थेंब थेंब पाणी गळतंय. तीस वर्षं जे विचारलं नाही ते हा असा, चालता चालता, सांगून टाकतोय.

"लगीन होऊन तू आलीस," तो म्हणतो. "नागोबा हरली की तुला बोलायच्या. चौबुर्जीची अवदसा आली म्हणायच्या. जिंकली तरी बोलायच्या, तुझ्या भावांची नावं घेऊन. तू घागर भरून यायचीस नि चुलीम्होरं पाठ करून बसायचीस. मला वाटायचं, हिला धूर लागलाय. एक दिवस मीच गेलो नळावर, तवा कळलं."

"मग?"

"मग म्हणलं, आपणच जाऊ पलीकडं. मला फितूर म्हणतील, मला शिव्या घालतील. तुझा नाद सोडतील." तो मान खाजवतो. "डोकं पायात असतंय आमचं, शालन. त्यांनी तर तुलाच धरलं. बायकोनं नेला म्हणाले. वाचवाय गेलो नि तुझ्याच अंगावर गोल केला."

शालनला हसावं की ह्या माणसाला दोन धपाटे घालावेत कळत नाही. अरे माणसा, एवढं मनात ठेवून जगलास? तुझं नाव घालवलंस, तुझा दोस्त घालवलास, ज्या तालमीच्या मातीत वाढलास तिच्या दारावरनं मान खाली घालून गेलास, आणि घरात येऊन म्हणायचास, आमटीत मीठ कमी हाय.

"सांगायचं न्हाई व्हय कधी," ती म्हणते. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही.

"सांगितलं असतं तर तू बाजीरावाकडं जाऊन मला परत नागोबात धाडलं असतंस."

ते खरं आहे. तिनं तेच केलं असतं.

आता ते मैदानाखालच्या खोलीत आहेत, जिथं खेळाडू कपडे बदलतात. भिंतीला कडप्प्याची फळी, आणि फळीवर तिच्या मिसळणाचा डबा. मारुतीच्या हातात निळी जर्सी आहे. उलटी करून तो काहीतरी बघतोय.

"ही न्हवं," शालन घाईनं म्हणते. "दुसरी देते."

"हीच."

छातीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा पिवळा तुकडा शिवलेला आहे. ज्या दिवशी निळी जर्सी घरात आली त्या रात्री शालननं तो शिवला होता. नागोबाची जुनी जर्सी त्यानं कोपऱ्यात टाकली होती, तिच्या बाहीचा तो तुकडा. निळ्या दोऱ्यानं शिवला, बाहेरून दिसू नये म्हणून. कुणाला सांगितलं नाही. तालमीचा नागोबा निदान छातीशी असू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

"तुमाला ठावं हुतं?"

"पयल्या मॅचपासनं. टोचत हुतं की. टाका लई जाड तुझा."

"मग बोलला न्हाईसा?"

"बोललो असतो तर तू उसवला असतास." तो जर्सी डोक्यातून घालतो. पोटावर ती जरा अडते, तो ओढून खाली घेतो. "नागोबाला गोल मारला त्या दिवशी सगळी चौबुर्जी अंगावर पडली. मी खाली. छातीला ते टोचालतं. मला रडू आलं, शालन. पोरं म्हणली, आनंदानं रडालाय."

त्याच्या छातीवर हात ठेवते ती. एका बाजूनं तुकडा सुटलाय, हाताला लोंबतो.

"उसवलंय हितं."

"घाल की टाका."

"काढा मग. अंगावर शिवत न्हाईत."

"येळ न्हाई गं. बोलवालेत."

अंगावरचं कापड शिवलं की आयुष्य कमी होतं म्हणतात. शिवायचंच झालं तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातात काडी धरायची. मॅचच्या दिवशी हमखास ह्याचं काहीतरी उसवायचं आणि हा खराट्याची काडी दातात धरून, हात वर करून, तिच्यापुढं उभा राहायचा. सवयीनं ती खराटा ओढते, एक काडी मोडते आणि त्याच्यापुढं धरते.

मारुती काडी घेतो. तिच्याकडं बघतो. मग काडी परत तिच्या हातात देतो, आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटवतो.

"आता ही कशाला," तो म्हणतो.

त्या एका वाक्यानं सगळं तिच्या ध्यानात येतं. पांढरं कापड, बशी फुटल्याचा आवाज, झाडावरचे कावळे. पण हात थांबत नाहीत. सुई हातात आहे. दोऱ्याचं रीळ मात्र पिवळं आहे, निळं कुठं सापडेना.

"पिवळा हाय दोरा. निळ्यावर दिसंल."

"दिसू दे."

ती टाका घालते. पहिला, मग दुसरा. जर्सीला घामाचा, मातीचा, त्याच्या विडीचा वास येतो. बाहेर शिट्टी होते. सगळ्या जन्मात एवढं सावकाश तिनं काही शिवलं नाही. शेवटची गाठ मारते. कात्री नाही, म्हणून त्याच्या छातीशी तोंड नेते आणि दोरा दातानं तोडते. कपाळाला त्याची छाती लागते. आत काही वाजत नाही.

"अवो," ती तिथंच तोंड ठेवून विचारते, "कुणाकडनं खेळणार तिकडं?"

"बघू. माणसं कमी हाईत म्हणं तिकडं," मारुती म्हणतो. "आता न्हाई वाजत थंडी."

तो वाकून बुटाची नाडी घट्ट करतो आणि फाटकातून जातो. धावताना डावा पाय जरा बाहेर फेकतो, तसाच. शालन हाक मारायला जाते.

"आई. ए आई, ऊठ."

रेश्मा खांद्याला धरून हलवतेय. ऊन गजांवरून भिंतीवर गेलंय. पेटी कोपऱ्यात आहे, बंद, तिच्यावर गोधड्या रचलेल्या.

"मामा आल्यात. नामदेवकाका पण आल्यात. चौकातल्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर फोटो टाकायचाय, पप्पांचा कुठल्या जर्सीतला टाकायचा म्हणून पुन्हा वाजलंय दोघांचं. तूच सांग म्हणालेत."

शालन उठून बसते. सांगायला तोंड उघडते, पण जिभेवर काहीतरी आहे. केस असेल म्हणून ती बोटांनी ओढते.

दोरा आहे. बोटभर लांब, ओला, एका टोकाला दातानं तोडलेला. पिवळा.

घरात पिवळं रीळ नाही. कधी नव्हतंच. ती दोरा उजेडाला धरून बघते, परत जिभेला लावते. खारट लागतो.

"काय गं ते?" रेश्मा विचारते.

शालन पदराच्या टोकात तो दोरा ठेवते आणि वर गाठ मारते, एक, त्यावर दुसरी. बाहेर बाजीराव म्हणतोय निळीतलाच फोटो, आणि नामदेव म्हणतोय पिवळीतला. मग ती भिंतीला पाठ टेकते आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडते, एवढ्या मोठ्यानं, की सोप्यातली ती दोन माणसं बोलायची थांबतात.