बाटलीतलं निळं

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशींचा हात फिरला की समोर बाटली आहे की नुसती हवा, असा प्रश्न पडावा. अकरा वर्षं त्या हेच काम करत होत्या. काही वाया घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. साबणाच्या चिपट्या जोडून त्या नवी वडी करत. देवानं दिलेली वस्तू टाकून देणं म्हणजे देवालाच तोंडावर नाही म्हणणं, हे त्यांचं ठाम मत.

मोरीला लागून असलेल्या खोलीत एक संशोधक मुलगी काम करी. मावशी तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. ती अजून डॉक्टर झाली नव्हती, पण म्हटल्यानं कुठं काय बिघडतं!

एकदा मावशींनी विचारलंच, “या पाण्यात बघण्यासारखं आहे तरी काय?”

“पाणी नाही हो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम धातूचं भस्म घालतात ना, त्याचे हे कण. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. स्पिरिटात मिसळून या जांभळ्या दिव्याखाली ठेवले की निळे होतात. निळं आहे तोवर उजेडाची शक्ती आत साठलेली. मग दुसऱ्या औषधाचे थेंब सोडायचे, की ती शक्ती त्याच्या हवाली, आणि ते गुलाबी होतं.”

“म्हणजे उजेड बरणीत भरून ठेवायचा, आणि लागेल तेव्हा वाढायचा!”

“अगदी! फक्त हवा लागता कामा नये. हवा शिरली की सगळं निळं गट्टम.”

म्हणून प्रत्येक बाटलीला घट्ट रबरी बूच. बुचातून सुई घालून आतली हवा घालवायची आणि तिच्या जागी कशाच्याच वाटेला न जाणारा, गरीब स्वभावाचा वायू भरायचा. थेंबही सुईनंच सोडायचे.

पण तीन आठवडे झाले, निळं काही टिकेना. संध्याकाळी बाटली निळीशार, सकाळी बघावं तर पांढरीफटक. मुलीनं कण बदलले, स्पिरिट बदललं, दिवासुद्धा बदलला. शेवटी तिच्या सरांनी सांगून टाकलं, “शुक्रवारी सकाळी एक तरी बाटली निळी दिसली पाहिजे. नाहीतर हा विषय बंद, दुसरा शोधा.” दोन वर्षांची मेहनत! गुरुवारी सकाळी पोरगी मोरीपाशी येऊन मुसमुसायला लागली.

“रडू नका. देव आहे ना पाठीशी.”

“देव आहे हो मावशी, निळं नाहीये!”

मावशींचा जीव कळवळला. फाटकासमोरच त्यांच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. वारा कुठून निसटतो ते शोधण्यात त्या माणसाची हयात गेली होती. जेवणाच्या सुट्टीत मावशी एक रिकामी, बूच लावलेली बाटली पदराआड घेऊन तिथं गेल्या.

नवऱ्यानं ती गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुचाच्या मधोमध बारीक बुडबुड्यांची माळ लागली.

“गळतंय की गं! कुठलं भंगार बूच हे?”

“भंगार काय म्हणता? धुऊन, उकळून, वाळवून ठेवलेलं आहे.”

“धुऊन? म्हणजे वापरलेलं?”

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. लोक बुचं एकदा वापरून कचऱ्यात टाकत. महिन्याभरापासून चांगली दिसणारी बुचं मावशी वेचून घेत आणि स्वच्छ करून नव्यांच्या डब्यात सरकवत. डबा कधी रिकामा होत नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता!

“नवं रबर एखाद-दुसरी सुई सोसतं. पुन्हा पुन्हा टोचलं, वर उकळलं, की भोक मिटत नाही, नुसतं लपून बसतं,” नवरा म्हणाला. “आता असं कर, ती गुपचूप फेकून दे नि डब्यात नवी ठेव. कोणाला कळतंय?”

मावशी फाटकापर्यंत आल्या त्या हाच विचार घोळवत. अकरा वर्षांचं नाव एका दुपारी धुऊन जायचं! ओठांवर देवाचं नाव आणलं, तर तेही अडखळायला लागलं. गप्प राहिलं तर उद्या बाटली निळी राहील खरी, पण पोरीला वाटेल दिवा बदलला म्हणून जमलं. जन्मभर ती चुकीच्या कारणाला नमस्कार करत बसेल.

त्या थेट आत गेल्या. सरही तिथंच होते.

“सर, निळं मी घालवलं. वापरलेली बुचं धुऊन यात सरकवत होते,” म्हणून त्यांनी डबा टेबलावर उपडा केला.

मुलीनं त्यातलं एक बूच उचलून उजेडात धरलं. “मावशी! तीन आठवडे मी स्वतःलाच ढ समजत होते हो!” तिला हसू फुटलं की रडू, ते तिलाही कळलं नसावं.

सर हसले नाहीत. “दोन बाटल्या भरा,” एवढंच म्हणाले. “एकीला सीलबंद पाकिटातलं नवं बूच, दुसरीला मावशींचं.”

शुक्रवारी मावशी अर्धा तास आधीच हजर. मावशींच्या बुचाची बाटली पांढरीफटक. शेजारची मात्र निळी, काल संध्याकाळी होती तशीच. मुलीनं सुईनं औषधाचे थेंब सोडले. निळं विरलं आणि बाटली गुलाबी झाली.

“शक्ती पोचली,” सर म्हणाले. “विषय चालू राहील. पण मागचे तीन आठवडे पहिल्यापासून करायचे.”

“करते सर, आनंदानं करते!”

मग ते मावशींकडे वळले. “आणि तुम्ही. यापुढं वापरलेलं प्रत्येक बूच कात्रीनं मधोमध कापायचं, मगच टाकायचं. हे काम दुसरं कुणी करायचं नाही.”

नोकरी गेली असती तरी मावशींना एवढं लागलं नसतं. धडधाकट रबर कापायचं! त्यांनी कात्री घेतली, देवाची क्षमा मागितली आणि पहिलं बूच डोळे मिटून कापलं. दुसरं एका डोळ्यानं बघत कापलं. तिसऱ्यापासून त्यांचं तोंड सुरू झालं, “काय हो डॉक्टरीणबाई, गुलाबी झाल्यावर ती शक्ती पुढं कुठं जाते?”